वाटा आणि वीस किलो

माझा चुलतभाऊ जयेश नक्की काय करतो, हे मुलीकडच्यांना सांगताना आमच्या घरात दरवेळी पंचाईत व्हायची. शेवंतीकाकू, म्हणजे त्याची आई, म्हणायची, "विमानान असतो." मग पुढचा प्रश्न ठरलेला, विमानात म्हणजे काय, पायलट का? तो आला की काकू माझ्याकडे बघायची. मी नौपाड्यात दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते, म्हणजे मला असल्या वेळी बरोबर शब्द सापडणार अशी तिची समजूत. एकदा मी वैतागून "इम्पोर्टमध्ये आहे" असं सांगून टाकलं. ते लोक खूश झाले, पत्रिका घेऊन गेले, आणि आठवडाभरात परत पाठवून दिली. मुलगा बॅगा वाहतो असं कळलं, असा मध्यस्थाचा निरोप आला.

ते खोटं नव्हतं. कल्याणला मितेशशेठचं लेस, बटणं आणि खोट्या दागिन्यांच्या खड्यांचं होलसेल दुकान आहे. माल बँकॉकहून येतो. बोटीने मागवला तर पोचेपर्यंत फॅशन बदलते, म्हणून शेठ माणसं पाठवतो. माणसाने रिकाम्या बॅगा घेऊन जायचं, तिथे माल भरायचा आणि परत यायचं. त्यावरचा कर शेठचा माणूस विमानतळावर भरून टाकतो. याला खेप म्हणतात. या कामाला शिक्षण लागत नाही, पासपोर्ट लागतो आणि पाठ लागते.

जयेशकडे तिसरी गोष्ट होती, ती म्हणजे कार्ड. वर्षानुवर्षं एकाच कंपनीच्या विमानाने ये-जा केली म्हणून त्या कंपनीने त्याला सोनेरी कार्ड दिलेलं. ते दाखवलं की तिकिटावर असेल त्याच्यापेक्षा वीस किलो सामान जास्त नेता येतं, तेही फुकट. नुसतं त्या कंपनीच्या विमानात नाही, तिच्या पार्टनर कंपन्यांच्या विमानातही. शिवाय बॅगेला लाल पट्टी लागते आणि ती बॅग सगळ्यांच्या आधी उतरते. शेठची बाकीची पोरं एका खेपेत एक बॅग आणायची, जयेश दोन आणायचा.

"शेठला मी नकोय ताई, माझे वीस किलो पाहिजेत," असं तो हसत हसत सांगायचा. मला त्यात हसण्यासारखं कधी काही दिसलं नाही. पण तो टिकला तो त्या वीस किलोंवरच, हे खरं. बाकीची पोरं चार-सहा खेपा मारून कुठे ना कुठे चिकटायची. जयेश तिशी ओलांडून गेला तरी महिन्यातून तीनदा बँकॉकला. कमरेला पट्टा, मानेत लचक, बसल्या बसल्या झोपायची सवय. आमच्या घरी जेवायला आला तरी पाटावर डुलक्या काढायचा. मी एकदा विचारलं, बँकॉक कसं आहे रे? तर म्हणाला, "एसी आहे." एवढ्या वर्षांत त्याने मालाची एक गल्ली आणि विमानतळ याच्यापलीकडे काही पाहिलेलं नव्हतं.

आता त्याच्या बापाबद्दल सांगते. दगडूकाका माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. आमची घरं कोपरला, मधली भिंत एकच. काकाची आणि आळीतल्या नामाकाकाची भागीदारीत होडी होती. पूर्वी दोन होड्या होत्या, दोन्ही दोघांच्या. पुढे खाडीला कारखान्यांचं पाणी यायला लागलं, मासळी आटली आणि एक होडी विकावी लागली. भागीदारीचा नियम मात्र तोच राहिला. कुठलीही होडी जाऊ दे, कोणीही बसू दे, जे मिळेल त्याचे वाटे किनाऱ्यावर पडणार. जो आला नाही त्याचाही वाटा पडणार. तो आजारी असू दे, लग्नाला गेलेला असू दे, नाहीतर पिऊन पडलेला असू दे. या वाट्यांवरून आमच्याकडे कधी भांडण झालेलं मी ऐकलं नाही. बाकी जगातल्या सगळ्या गोष्टींवरून झालेली ऐकली आहेत.

खाडीवर पोट भरेना तेव्हा काका मासळी बाजारात बर्फ फोडायला जायला लागला. लाद्या ओढून आणायच्या, सोट्याने फोडायच्या, टोपल्यांत मासळीवर थर द्यायचे. अर्धं आयुष्य त्याने हेच केलं. नखं काळी पडली, बोटांची टोकं बधिर झाली. चहाचा पेला गरम आहे का गार, हे त्याला ओठाला लावल्यावर कळायचं. काकू त्याला उठता-बसता म्हणायची, जरा फुंकर मारून पी. तो कधी मारायचा नाही आणि रोज जीभ पोळून घ्यायचा.

आमच्या आळीत एकदा एक म्हातारा वारला. त्याचा मुलगा आखातात, म्हणून दोन दिवस बर्फावर ठेवला. काका तिकडून जाऊन आला आणि ओट्यावर बसून राहिला. शेवटी काकूला म्हणाला, "मना असा नाय ठेवाचा. जलमभर बर्फ फोरला मी. मासली ठेवतान बर्फान, मानूस नाय. मना लगेच आग द्या." तेव्हापासून ते आमच्या सगळ्यांना पाठ झालं होतं. कोणाची मयत झाली की काका हे बोलायचाच. लहान पोरं त्याची नक्कलसुद्धा करायची.

मग काकाची फुप्फुसं गेली. ठाण्याच्या हॉस्पिटलात बरेच दिवस ठेवला. डॉक्टर भले होते, त्यांनी उगाच लांबण लावली नाही. घरी न्या, जे मागतील ते खायला द्या, असं स्पष्ट सांगितलं. घरी ऑक्सिजनचं मशीन आणलं. खेप नसेल त्या दिवशी जयेश बापाच्या उशाशी. त्याला उचलून मोरीत न्यायचा, आंघोळ घालायचा, दाढी करायचा. बॅगा उचलून उचलून त्याला एक कळत होतं की वजन कसं धरलं म्हणजे त्याला धक्का लागत नाही. काकूने किंवा मी उचललं की काका कण्हायचा. जयेशने उचललं की नाही.

आणि नेमकं त्याच सुमाराला कार्डाचं वर्ष संपत आलं.

ते कार्ड कायमचं नसतं. दरवर्षी ठरलेल्या खेपा झाल्या तरच पुढच्या वर्षी मिळतं, नाहीतर काढून घेतात. जयेशच्या हिशेबाने महिनाअखेरपर्यंत आणखी दोन खेपा हव्या होत्या. त्या झाल्या की वर्षभर काळजी नाही. मी त्याला म्हटलं, अरे बाप असा पडलाय, कुठे जातोस? तो म्हणाला, "ताई, कार्ड गेलं तर शेठ मला काय ओवाळणार? घर कोण चालवणार? दोनच खेपा. मग बाबांना सोडून कुठे हलत नाही मी, बघ तू."

मी त्याचा फोन घेऊन अ‍ॅप उघडलं. मला पेशंटच्या अपॉइंटमेंटा बघायची सवय, त्यामुळे न जुळणारी गोष्ट चटकन डोळ्यात भरते. मधल्या महिन्यांत शेठने खर्च वाचवायला पार्टनर कंपनीची सगळ्यांत स्वस्त तिकिटं काढली होती. बॅगा कार्डावर जात होत्या, त्यामुळे जयेशची काही तक्रार नव्हती. पण त्या खेपा अ‍ॅपमध्ये कुठेच दिसत नव्हत्या.

"हे मोजलेलं नाहीये रे."

"येतं ते नंतर. पार्टनरकडून यायला टाइम लागतो."

"विचार तरी त्यांना."

"काय विचारायचं त्यात? माझा कार्डाचा नंबर टाकलेला, लाल पट्टी लावून दिलेली. पार्टनर आहेत ना ते."

काका जागा होता. नाकातली नळी सरकवून म्हणाला, "त्याचा बरोबर हाय. भागीदाराचे होरीन बसला तरी वाटा आपलाच. आपल्या घरीच येनार तो." आणि दमून डोळे मिटून घेतले.

बापलेक दोघांचं एकमत झालं म्हटल्यावर मी फोन परत दिला. मला तरी कुठे विमान कंपन्यांतलं कळत होतं? आणि आमच्या घरात भागीदार या शब्दाला दुसरा अर्थच कोणाला माहीत नव्हता.

पहिली खेप नीट झाली. जयेश परत आला तेव्हा काका उशीला टेकून पेज पीत होता. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या खेपेला निघताना मात्र काकाचा रंग बरा नव्हता. पाय सुजलेले, बोलताना मध्ये मध्ये थांबायचा. जयेश उंबऱ्यात बूट घालून, पाठीला सॅक लावून उभा, आणि त्याचा पाय निघेना.

"जाऊ का नको, बाबा?"

"जा." काका थांबला. "वाटा पुरा करून ये." पुन्हा थांबला, आणि मग नेहमीचं बोलला, "फकत मना बर्फान ठेवाला लावू नको."

"काय पण बोलतो," म्हणून जयेशने त्याची चादर नीट केली. "परवा येतोच मी. दाढी करू तुझी."

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका गेला. मी ओट्यावर केस विंचरत होते. काकूची हाक आली, ओरडून नाही, नुसती "अगं" अशी. मी आत गेले तर मशीन चालू होतं आणि काकू त्याचे तळवे चोळत होती.

जयेशला फोन मी केला. मितेशशेठला मी उगाच दोष देणार नाही. त्याला कळल्यावर त्याने लगेच सांगितलं, माल राहू दे तिकडेच, दुपारचं विमान आहे, तिकीट मी काढतो, तू नीघ. जयेशने मला हे सगळं सांगितलं. मला मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"ताई, ते दुपारचं पार्टनर नाही."

"म्हणजे?"

"दुसऱ्याच कंपनीचं आहे. त्याने आलो तर ही खेप मोजणार नाही. एवढी एकच राहिलेली. उद्या सकाळचं पार्टनरचं, म्हणजे आपलं आहे."

आपलं म्हणाला तो. त्या विमानाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जयेश, काका गेलाय अरे. ऐकतोयस का? त्याला ठेवायचं नाहीये, तुला माहितीये."

"बाबांनीच सांगितलं ना, वाटा पुरा करून ये," तो म्हणाला आणि रडायला लागला. "मी आता असाच आलो तर कशासाठी गेलेलो मी? सांग ना. त्याला सोडून कशासाठी गेलेलो?"

मी फोन काकूकडे दिला.

तोपर्यंत आळीतली माणसं जमली होती. एकुलता एक मुलगा, त्याच्याशिवाय अग्नी कोण देणार, थांबावं लागेल, असंच सगळे म्हणत होते. काकू एकटीच म्हणत होती, "त्यानी सांगितलेला बर्फान ठेवू नका." ती फोनमध्येही तेच म्हणाली. पलीकडून जयेशचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. "आई, मला बघायचंय त्याला. एक रात्र फक्त. आई, माझ्यासाठी ठेव." काकूने डोळे मिटले. नवऱ्याचा शब्द आणि पोराचं रडणं, यांत बाईने काय निवडायचं ते आधीच ठरलेलं असतं. "ठेवा," ती म्हणाली आणि फोन माझ्या हातात देऊन भिंतीला टेकली.

डोंबिवलीतली मयत ठेवायची शीतपेटी दुसरीकडे गेलेली होती. म्हणून नामाकाका बाजारात गेला आणि टेम्पोत लाद्या घालून आला. काका जिथे बर्फ फोडायचा तिथूनच आणल्या, दुसरीकडे मिळणार तरी कुठे? पोरं फोडायला पुढे झाली तर नामाकाकाने सोटा कोणाच्या हातात दिला नाही. स्वतः उकिडवा बसून फोडत राहिला, अगदी हळू, आवाज आत जाऊ नये म्हणून. "बारीक करतंय," तो मला म्हणाला. "बोचाला नको." मी घरात निघून गेले. मला ते बघवेना.

खाली प्लास्टिक अंथरलं, त्यावर काकाला ठेवलं आणि चारी बाजूंनी बर्फ लावला. काकूने ट्रंकेतली गोधडी काढली आणि त्याच्या अंगावर घातली, बर्फाच्या वरून. बायका म्हणाल्या, अगं शेवंती, भिजेल ती. काकू म्हणाली, भिजू दे. ती भिजली. तिचं पाणी आणि बर्फाचं पाणी मिळून उंबऱ्यावरून ओट्यावर, ओट्यावरून गटारात जात राहिलं. येणारा प्रत्येक माणूस ते पाणी ओलांडून आत येत होता आणि चपला ओल्या होऊ नयेत म्हणून बाजूला काढत होता.

दुसऱ्या दिवशी विमान वेळेवर उतरलं. तिरडी बांधून तयार होती. मी फोन केला.

"कुठे आहेस?"

"पट्ट्यावर. बॅगा येतायत."

मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. रात्र थांबलाच म्हणून त्याने मालही भरून आणला होता. लाल पट्टीच्या बॅगा आधी येतात, हे त्या कार्डाचं वचन. त्या दिवशी त्या शेवटी आल्या. शेठचा माणूस बाहेर उभा होता, तो म्हणत होता तू जा, मी बघतो. पण बॅगा जयेशच्या नावाच्या, दुसऱ्याला उचलता येईनात, आणि माल शेठचा, सोडून येता येईना. म्हणून ज्याचा बाप बर्फावर होता तो पोरगा त्या फिरत्या पट्ट्यापाशी उभा राहिला आणि लोकांच्या बॅगा समोरून जाताना बघत राहिला. इकडे आमच्याकडे नवीन कोणी आलं की बायकांच्या रडण्याला पुन्हा उकळी यायची, आणि मग त्याही थकल्या. शेवटी घरात नुसतं पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता.

तो आला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. सगळ्यांनी वाट दिली. उंबऱ्यात, जिथे उभं राहून त्याने जाऊ का नको विचारलं होतं, तिथेच तो पुन्हा थांबला. खाली पाणी बघितलं. मग आत आला. नामाकाकाने गोधडी बाजूला केली. काकाच्या भुवयांवर पाण्याचे थेंब होते आणि दाढी तशीच वाढलेली होती.

जयेश गुडघ्यावर बसला. हात पुढे केला आणि मागे घेतला. पुन्हा पुढे केला, पुन्हा मागे घेतला. कोणीतरी तुळशीचं पान आणि पाण्याची वाटी दिली. त्याने वरूनच, हात न टेकता, बापाच्या ओठांवर पाणी सोडलं. ते ओठांवरून घरंगळून बर्फात गेलं. पाया पडतानाही त्याने डोकं जमिनीला टेकवलं, पायांना नाही. गर्दीत हे कोणाच्या लक्षात आलं असेल असं मला वाटलं नव्हतं. मग तो उठला, मडकं धरलं, खांदा दिला, अग्नी दिला. सगळं रीतसर केलं. खाडीकाठच्या स्मशानात लाकडं लवकर धरेनात. कपडे ओले आहेत ना, असं कोणीतरी म्हणालं.

सुतकात जयेश खाली मान घालून बसून असायचा. बारावं जवळ आलं असताना एक दिवस दुपारी त्याने मला हाक मारली आणि फोन पुढे केला. विमान कंपनीचा संदेश होता. तुमचं कार्ड या महिनाअखेर संपत आहे, ठरलेल्या खेपा पूर्ण न झाल्याने ते पुढे चालू ठेवता येत नाही, आपण पुन्हा आमच्यासोबत प्रवास कराल अशी आशा आहे, असं सगळं फार नम्रपणे लिहिलेलं होतं. आम्ही त्यांच्या मदत क्रमांकावर फोन लावला. एक मुलगी गोड आवाजात बोलली. पार्टनरच्या सगळ्यांत स्वस्त वर्गातल्या तिकिटांची मोजणी होत नाही सर. शेवटची खेपही त्यातच होती, तीसुद्धा नाही. हो, सामानाची सवलत त्या विमानांतही मिळते, ती तुम्हाला मिळालेलीच आहे सर. पण सामान वेगळं आणि मोजणी वेगळी.

"मॅडम, ते पार्टनर आहेत ना तुमचे?" जयेशने विचारलं.

"हो सर, पार्टनरच आहेत," ती म्हणाली.

त्याने फोन खाली ठेवला. "ताई, पार्टनर म्हणजे पार्टनर ना?" त्याने मला विचारलं, अगदी शाळेतल्या पोरासारखं. वजन उचलताना ते भागीदार, आणि वाटा द्यायची वेळ आली की कोण तू? मला त्या मुलीचा राग आला नाही, ती बिचारी समोरचं वाचून दाखवत होती. मला ज्याने हे ठरवलं त्याचा राग आला, आणि तो कुठे राहतो ते मला माहीत नाही.

शेठने समजुतीनेच घेतलं. म्हणाला, कार्ड पुन्हा झालं की ये. कार्ड खेपा मारल्याशिवाय होत नाही आणि नुसत्या एका बॅगेसाठी तरणी पोरं सोडून शेठ याला खेप देणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. जयेशने आईला यातलं काही सांगितलं नाही.

बारावं झालं. आमच्यात सुतक फिटलं की घरात पुन्हा मासळी शिजते, तोपर्यंत चूल गोडी. त्या सकाळी नामाकाका टोपली घेऊन ओट्यावर चढला. खाडीत बऱ्याच दिवसांनी बोय मासळी लागली होती. टोपली बर्फाने भरलेली, वर गोणपाट.

"दगडूचा वाटा," असं म्हणून त्याने ती खाली ठेवली.

काकू म्हणाली, "आता कशाला भाऊजी? तो गेला."

"गेला म्हनून वाटा जातो काय?" नामाकाका चिडलाच. "तू हायस, पोर हाय. होरी हाय तवर येल."

जयेश भिंतीशी बसला होता. त्याने ते ऐकलं आणि त्याचा चेहरा असा काही झाला की मी उठून उभी राहिले. "आई," तो म्हणाला, "माझा वाटा नाही धरला त्यांनी. कार्ड गेलं. ती खेप पण नाही मोजली. मी दुपारच्या विमानाने आलो असतो तरी एवढंच झालं असतं."

काकू त्याच्याकडे बघत राहिली. तिला खेपा, कार्ड, अ‍ॅप यातलं काही कळत नव्हतं. पण एवढं नक्की कळलं की नवऱ्याचा शब्द तिने मोडला, तो कशासाठीच नाही. तिने टोपली दोन्ही हातांनी ओढून जयेशच्या पुढ्यात आणली आणि गोणपाट काढलं.

"बर्फ काढ."

तो इकडे तिकडे बघायला लागला, वाटी किंवा डाव कुठे दिसतो का म्हणून.

"हातान काढ," काकू म्हणाली. "बापाला हात नाय लावलास तू."

म्हणजे तिने बघितलं होतं. जयेशने हात टोपलीत घातला. एक मूठ काढली, फरशीवर ठेवली. दुसरी काढली. बोटं आधी लाल झाली, मग पांढरी पडायला लागली. नामाकाका म्हणाला, पुरे शेवंती, राहू दे. ती म्हणाली, काढू दे. तो काढत राहिला. पाणी फरशीवरून उंबऱ्याकडे निघालं, त्याच वाटेने. तळाशी बोय दिसायला लागल्या तेव्हा त्याने ते गारठलेले हात तोंडावर घेतले आणि "बाबा" म्हणून ओरडला. काका गेल्यापासून एकदाही ओरडला नव्हता तो.

काकूने त्याला रडू दिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली आणि त्याच्या हातांसाठी गॅसवर पाणी तापत ठेवलं.